एक टॅब आणि सगळे थावरू

आमच्या घरात मोबाइल-संगणकातलं सगळ्यात जास्त मला कळतं. हा ठराव मीच मांडला होता आणि मीच तो एकमताने मंजूर केला होता. यवतमाळच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी बाबू आहे. संगणक अडला की बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा, या एका विद्येवर माझी तिथे इतकी वर्षं निभली. त्यामुळे बाने नवा टॅब घेतला, तेव्हा जुन्या मोबाइलमधलं सगळं त्यात टाकायचं काम मी दुसऱ्या कोणाला करू देणं शक्यच नव्हतं.

बा म्हणजे माझे वडील, आमच्या बंजारा तांड्याचा नाईक, म्हणजे प्रमुख. नजर कमी झाली, पण चष्मा लावायला तयार नाही, म्हणून मोठ्या पडद्याचा टॅब! मोबाइलमध्ये नावं वाचायची भानगड त्याने कधी ठेवलीच नाही. प्रत्येक नंबरला एक फोटो. म्हैस दिसली की मारेगावचे थावरू राठोड, ट्रॅक्टर दिसला की बाभुळगावचे थावरू राठोड, लाल पागडी दिसली की पुसदकडचे थावरू राठोड. (आमच्या गणगोतात हाक मारली तर एक तर चव्हाण वळून पाहतो नाहीतर राठोड, आणि राठोड असला तर बहुधा थावरूच असतो.) आम्ही चव्हाण, म्हणजे राठोडांकडे आमची सोयरीक चालते. या लाल पागडीच्या मुलाशी माझ्या बहिणीची, जयश्रीची, सोयरीक जवळजवळ ठरली होती. जयश्री नर्स आहे, कोणाला सहज होकार देणारी नाही. पण एका लग्नात नुसता दुरून पाहिलेला हा मुलगा तिला मनापासून आवडला होता. आता फक्त पाहुण्यांना रविवारी या म्हणून सांगायचं राहिलं होतं.

मी कामाला लागलो. सगळं बिनबोभाट नव्या टॅबमध्ये गेलं आणि टॅबने अदबीने विचारलं, 'एकाच नावाचे अनेक संपर्क सापडले. एकत्र करायचे का?' मी म्हटलं, अरे, विचारतोस काय! असा कचरा साफ करायलाच तर मी जन्माला आलो. दाबलं बटण. आणि त्याच उत्साहात जुना मोबाइल पुसून कोरा करकरीत केला. (मागे काही ठेवू नये, हा आमच्या ऑफिसातला नियम.)

बाने टॅब हातात घेतला. बराच वेळ बोट फिरवलं.

"काबे, सोयऱ्याची पागडी कुठी गेली?"

"बा, आता सगळे थावरू एकाच ठिकाणी. सगळे नंबर आत आहेत. पहा, किती स्वच्छ!"

"इथं तं म्हैस दिसून राह्यली."

"फोटो एकच राहतो बा."

"म्हंजे माहा सोयरा म्हैस केला तू?"

मी समजावलं, की एकेक नंबर लावू आणि विचारू, तुम्ही कोणते थावरू? बा असा उसळला की बस!

"होणाऱ्या सोयऱ्याले इचारू, तू कोण व्हय म्हून? त्यापेक्षा सोयरीक मोडून टाक ना!"

मध्यस्थाकडून नंबर घ्यावा, तर या सोयरिकीत मध्यस्थही बाच. मग मला दुसरी कल्पना सुचली. (पहिलीचा निकाल लागलेला असताना माणसाने थांबायला हवं, पण हुशार माणूस थांबत नाही.) मी म्हटलं, बा, तुझ्या आवाजातला निरोप सगळ्याच नंबरांवर टाकू. जो आपला आहे तो येईल. बाकीच्यांना कळेलच की हा निरोप आपला नाही!

याडी, म्हणजे माझी आई, चुलीपाशीच म्हणाली, "नाइकाचा निरोप हाय. कोण नाही म्हणन?"

तिला संगणकातलं काय कळतं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. बाने खाकरून निरोप भरला: "थावरूभाऊ, रईवारी पोराले घिऊन या. पोरगी पाहून घ्या. जेवाले इथंच."

रविवारी सगळे आले.

आधी मारेगावचे थावरू. सोबत मुलगा. मुलाच्या मागे त्याची बायको, कडेवर लेकरू. ती आल्या आल्या कमरेला पदर खोचून उभी राहिली, "कोन पोरगी हाय, मले बी पाहू द्या!" मग बाभुळगावचे थावरू, भरली जीप घेऊन. मुलाने नवा शर्ट घातला होता आणि त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. मग एक अगदी म्हातारे थावरू, काठी टेकत.

"माहा पोरगा पन्नाशीचा हाय, नातवंडं हायेत त्याले," ते म्हणाले, "पण नाइकानं बलावलं, तं नाही कसं म्हणाव?"

मी सगळ्यांना पाणी देत होतो आणि जयश्री खिडकीतून माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर इंजेक्शन देण्यापूर्वीची असते.

शेवटी लाल पागडी आली. मागे तो मुलगा. पागडीवाल्या थावरूंनी अंगणात बसलेले उमेदवार एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले.

"नाईक, स्वयंवर मांडलं काय?"

सगळ्या तांड्याचे तंटे मिटवणारा माझा बाप स्वतःच्या अंगणात मान खाली घालून उभा होता. मला खरंच फार वाईट वाटलं, आणि स्वतःची चीड आली. पागडीवाले परत जायला वळले. मुलगा मात्र जागचा हलला नाही.

तेवढ्यात जयश्री चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"काका, थांबा. चहा सगळ्यायले पुरन. नवरदेव मले एकच पायजे, अन् तो तुमच्या मागं उभा हाय. बाजवळून तुमचा नंबर हरपला, अन् तुमाले इचाराची त्याले लाज वाटली. बाकी सगळा घोळ या शहाण्याचा हाय."

शहाणा म्हणजे मी. सगळ्या थावरूंनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मग म्हातारे थावरू असे हसले की काठी खाली पडली.

"अबे, पोरगी बोलली! आता कायले जाता? सगळे राठोड आपलेच भाऊबंद. पंच आयतेच जमले, गूळ आणा!"

पागडीवाले आधी गालात हसले, मग मोठ्याने. घडी न मोडलेल्या शर्टवाल्यानेच गूळ फोडायला घेतला. सगळ्या राठोडांच्या साक्षीने तिथल्या तिथे सोयरीक पक्की झाली. मारेगावच्या सुनेने दोनदा गूळ घेतला.

बाने त्याचं श्रेय टॅबला दिलं. मला शिक्षा दिली. लग्नाच्या निमंत्रणासाठी फोन, मेसेज सगळं बंद. मोटारसायकलवर उन्हातान्हात तांडोतांडी फिरून प्रत्येक थावरूला मी हातात पत्रिका द्यायची.

बाभुळगावच्या थावरूंनी पत्रिका घेतली, चहा पाजला आणि आतून एक खोकं आणलं.

"बाबू, पोरानं नवा टॅब घेतला. आलेच हाव, तं जुन्यातलं यात टाकून देता काय?"

"काका," मी उठत म्हटलं, "मला त्यातलं काहीच कळत नाही."

या विषयावर मी आजवर केलेलं हे एकमेव खरं विधान. आणि ते थावरूकाका हात जोडून म्हणाले, "कायले मजाक करता? तुमच्याएवढं हुशार कोण हाय!"

मी पुन्हा खाली बसलो. खोकं उघडलं.