इन्व्हर्टरच्या मागचं बटण

"इन्व्हर्टरच्या मागच्या बटणाला हात लावायचा नाही. का, ते विचारायचं नाही."

आमच्या बिबवेवाडीच्या घरातला हा कायदा. बाबांनी बटणावर चिकटपट्टी लावून वर लाल पेनाने फुली मारलीय. मी इंजिनिअर, आणि मलाच फुली! मग मी काय दिवे लावले ते ऐका. म्हणजे, दिवे घालवले.

त्या दिवशी चार वाजता माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. वर्षभर अर्ज करकरून मिळालेला पहिला! आणि आमच्याकडे लाइट गेली की इन्व्हर्टर आळोखेपिळोखे देत उठतो, तोवर कॉम्प्युटर बंद. मी माहितीपत्रक वाचलं. बटण 'नॉर्मल'वरून 'यूपीएस'वर सरकवलं की झालं!

"बाबा, हे बटण बदलू?"

"नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

वारज्याहून आलेले काका पेपरातून म्हणाले, "हल्लीच्या मुलांना कारणं लागतात."

दोघं जेवायला बसले तशी मी पट्टी सोलली. टक्!

थोड्याच वेळात इन्व्हर्टर बॅटरीवर गेला. म्हणजे लाइट गेली! पण कॉम्प्युटर दचकलासुद्धा नाही. काय रुबाब वाटला सांगू!

दोन वाजले, तीन वाजले, लाइट येईना. साडेतीनला बॅटरीने शेवटची शिट्टी मारली. पंखे, वायफाय, सगळं ठप्प!

मी सोसायटीच्या ग्रुपवर तोफ डागली, "दुपारभर लाइट नाही आणि सगळे गप्प?"

सेक्रेटरींचं उत्तर आलं, "आमच्याकडे आहे. आपल्याकडे का नाही, हे आपण आपल्यालाच विचारावं."

कोपऱ्यावरच्या वायरमनना धावत बोलावून आणलं. व्होल्टमीटर लावून ते हसले.

"ताई, लाइट गेलीच नाही. दुपारी तुमच्याकडे व्होल्टेज पडतं. 'यूपीएस'वर इन्व्हर्टरला कमी व्होल्टेज चालत नाही, तो बॅटरीच खात बसतो. म्हणून मी 'नॉर्मल'वर ठेवलं होतं. साहेबांना सांगितलंय की!"

मी गर्रकन वळले. "बाबा! मग मला का नाही सांगितलंत?"

"तू फक्त ऐकायचं होतंस."

वायरमननी बटणाकडे हात नेला. बाबा म्हणाले, "तुम्ही नको. तिलाच करू दे. अद्दल घडू दे."

"ज्याने बिघडवलं त्याने निस्तरावं," काकांनी री ओढली.

मी हाताची घडी घातली. "मी नाही करणार."

"म्हणजे?"

"त्या बटणाला हात लावायचा नाही. का, ते विचारायचं नाही."

बाबा सोललेल्या पट्टीवरची फुली निरखू लागले. काकांनी पेपर तोंडासमोर धरला, तोही उलटा! वायरमन छताकडे बघू लागले. पंखाही बंद, त्यामुळे शांतता अगदी शुद्ध. या घरात पहिल्यांदाच शेवटचा शब्द माझा होता! मी ती शांतता चांगली चवीचवीने उपभोगली.

मग सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून सात मिनिटं.

इंटरव्ह्यू माझा होता हो!