लेथवरचा हार

माझ्या भावाला आटगाव स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर ‘इंजिनिअरचा बाप’ व्हायचं होतं. त्याच्या मुलीला काय व्हायचं होतं, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. बारावी सायन्सला तिला मिळालेले मार्क बघता विचारायची गरज नाही, असं त्याचं मत होतं.

आमची खाचरं महामार्गात गेली. मोबदल्याचा मोठा भाग घराच्या स्लॅबमध्ये आणि एका जीपमध्ये गेला. जीप दोन पावसाळ्यांत विकली गेली. भाऊ पुन्हा रिक्षेवर आला. उरलेली रक्कम बँकेत मुलीच्या नावानं ठेव म्हणून पडून होती. ती मोडायची की नाही, एवढाच प्रश्न त्या जूनमध्ये घरात होता. मोडली की मागे काही उरणार नव्हतं.

मोडायला निमित्त मिळालं ते एका माहितीपत्रकाचं. टोकावड्याच्या रस्त्याला निघालेल्या एका खासगी कॉलेजचं. विषय ‘इंडस्ट्रियल टेक्नॉलॉजी’, पदवी तीन वर्षांची. मुखपृष्ठावर सिद्धगड, त्याच्या पायथ्याशी कुठल्यातरी परदेशातला चिकटवलेला कारखाना आणि पुढे पांढरं हेल्मेट घातलेली हसरी मुलगी. आत ठळक अक्षरांत एक ओळ होती: ‘शंभर टक्के प्लेसमेंट सहाय्य’. वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासली. या ओळीतला शेवटचा शब्द ज्यानं घातला, तो त्या कॉलेजातला एकमेव कुशल कारागीर असावा. सहाय्य शंभर टक्के होतं. नोकरीबद्दल ओळ काहीच म्हणत नव्हती.

मी भावाला हे दाखवलं.

“ताई, तुला सगळ्यात खोटंच दिसतं,” तो म्हणाला. “पेपरवाल्यांचं डोकंच तसलं. हेल्मेट बघितलंस का? पांढरं हाय. साहेबाचं.”

मुरबाडच्या एमआयडीसीत हेल्मेटच्या रंगावरून माणसाची पायरी कळते. पिवळं कामगाराचं, पांढरं साहेबाचं. रिक्षा घेण्याआधी भावानं तिथं ठेकेदाराकडे काही वर्षं पिवळं घातलं होतं. पांढऱ्याचं वेड त्यानं तिथूनच आणलं आणि ते मुलीच्या डोक्यावर ठेवायचं ठरवलं. तिचं डोकं त्यानं मोजलं नव्हतं.

त्याच कॉलेजातून पदवी घेतलेला आमच्या गावचा एक तरुण एमआयडीसीत ‘लागला’ होता. भाऊ त्याचं उदाहरण द्यायचा. मी त्याला कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. त्याचं हेल्मेट पिवळं होतं.

“ट्रेनी म्हणून लागलो, आत्या,” तो म्हणाला. “पण कंपनीचा नाय. ठेकेदाराचा ट्रेनी.”

“काम काय करतोस?”

“खोक्यांवर लेबल लावतो. डिग्रीवाला, डिप्लोमावाला, दहावी नापास, आमच्या लायनीत हजेरीचे पैसे सगळ्यांना सारखेच.”

“मग डिग्रीचा फायदा काय झाला?”

त्यानं जरा विचार केला. “सुपरवायझर मला साहेब म्हणतो. चिडवायला.”

हे ऐकून भाऊ म्हणाला, “तो मुळातच आळशी.” ज्याचं उदाहरण इतके दिवस दिलं, त्याला एका वाक्यात काढून टाकायला त्याला काहीच वाटलं नाही. एक मात्र त्यानं कबूल केलं: आधी कॉलेज बघू, मग ठेव मोडू.

भाऊ, भाची आणि मी त्याच्याच रिक्षेतून किन्हवलीमार्गे सरळगावला आणि तिथून टोकावड्याच्या रस्त्याला लागलो. कॉलेजच्या दारातच प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर पांढरं हेल्मेट ठेवत होते. भावाला मिळालेलं लहान होतं. ते त्याच्या डोक्यावर वाटीसारखं बसलं, पण परत दाराशी येईपर्यंत त्यानं ते काढलं नाही.

टाय लावलेला एक गृहस्थ पुढे आला. आपण करिअर काउन्सेलर आहोत, असं त्यानं सांगितलं. आमच्या समाजात कुठल्याही कोर्सबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो. भावानं तो विचारला.

“स्कॉलरशिप बसते का?”

“बसेल ना, दादा. प्रपोजल गेलंय. पुढच्या वर्षी नक्की बसेल. यंदाचं फक्त तुम्ही भरा.”

बसते आणि बसेल यांत फक्त काळाचा फरक आहे, अशा समजुतीनं भावानं मान डोलावली. हेल्मेट घसरलं. त्यानं ते सावरलं.

मग वर्कशॉप दाखवलं. फरशी चकचकीत, भिंतीवर सुरक्षेच्या पाट्या, मधोमध एक मोठं लेथ. लेथवर लोखंडाचा तुकडा ज्या जबड्यात पकडून गरगर फिरवतात, त्याला चक म्हणतात. त्या चकभोवती झेंडूचा हार दोऱ्यानं घट्ट बांधलेला होता. फुलं वाळून तपकिरी झाली होती. चकवर हळद-कुंकवाची बोटं सुकली होती. काउन्सेलरनं भाचीला लेथवर हात ठेवून उभं केलं आणि मोबाइलवर फोटो काढला. ती हाराकडे बघत होती.

“सर, हा दसऱ्याचा हार ना?”

“अगदी बरोबर. आम्ही तंत्रज्ञानाबरोबर परंपराही जपतो.”

“आमच्या स्टँडवर पण रिक्षांना घालतात. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेले असतात सगळे.”

“हो का? छान.”

“मग हा पडला कसा नाय? चक फिरला असता तर तुटला असता. दसऱ्यापास्नं मशीन फिरलीच नाय का?”

काउन्सेलर हसला. असं हसायचं त्याला प्रशिक्षण असावं.

“चालू करून दाखवा ना, सर,” ती म्हणाली.

“आज नेमकी लाइट नाही.”

आमच्या डोक्यावर पंखा फिरत होता. आम्ही तिघांनी वर बघितलं. मग त्यानंही बघितलं.

“म्हणजे मशीनची थ्री फेज नाही,” तो म्हणाला.

“कधीपास्नं?”

यावर त्यानं सीट बुकिंगचा विषय काढला. जागा थोड्याच उरल्या आहेत, म्हणाला. वर्कशॉपमध्ये आमच्याखेरीज कुणी नव्हतं.

परतताना सरळगावला चहाला थांबलो. भाऊ म्हणाला, “हाराचं काय एवढं? काढता येतो हार. मशीन नाय फिरली असं काय डिग्रीवर लिहून देतात का?”

त्या दिवसात ऐकलेलं हे सगळ्यात खरं वाक्य होतं. कॉलेजचा सगळा धंदा त्यावर उभा होता आणि माझा भाऊ तो फुकट चालवून देत होता.

“पप्पा, मला डिप्लोमा करायचाय,” भाची म्हणाली. “सरकारी. बारावी सायन्सवर थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. तिथं स्कॉलरशिप बसते. बसेल नाय, बसते.”

“डिप्लोमावाल्याला पांढरं देत नायत.”

“मग पिवळं घालीन. तुमी नव्हतं घातलं?”

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. “म्हणून तर नको सांगतो, गो. तुला काय कळतंय? मी उद्या ठेव मोडणार.”

“कशी मोडणार? माझ्या नावावर हाय. अठरा झाली मला. सही माझी लागंल.”

“देशील ना?”

“नाय देणार.”

भावानं माझ्याकडे बघितलं. मी चहा संपवला. सही माझी नव्हती. पुढचे बरेच दिवस तो तिच्याशी मोजकंच बोलला. तिनं सही दिली नाही. डिप्लोमाच्या प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत तिला मेकॅनिकलला जागा मिळाली. पहिल्या आठवड्यात हाताला ऑइलचा वास घेऊन आली, तेव्हा त्यानं तिला साबण दिला. बाकी काही नाही.

त्यानंतर स्टँडसमोर एक मोठा फ्लेक्स लागला. त्या कॉलेजचा. त्यावर माझी भाची होती, पांढऱ्या हेल्मेटमध्ये, लेथवर हात ठेवून. वाळलेला हार संगणकावर पुन्हा केशरी केला होता. खाली ओळ होती: ‘आमच्या भावी इंजिनिअर’. ज्या मुलीनं त्यांचं मशीन बंद असल्याचं ओळखलं, तिलाच त्यांनी जाहिरातीला लावलं होतं. बहुधा तिच्याइतकं त्या मशीनकडे आजवर कुणी बघितलंच नव्हतं.

मी तक्रार लिहायला बसले. कॉलेजकडे माहितीपत्रकाच्या कागदापलीकडे खरं काही नाही, असं पहिलं वाक्य लिहून झालं होतं. भाची फ्लेक्सचा फोटो बघून पोट धरून हसत होती.

“राहू दे, आत्या. पप्पांना बघ आधी.”

मी दुसऱ्या दिवशी स्टेशनवर गेले. भावाची रिक्षा रांग सोडून बरोबर फ्लेक्सखाली उभी होती. शहापूरला जाणारा एक म्हातारा आत बसता बसता वर बघून थबकला.

“तुझी पोर ना रे ही? इंजिनिअरला हाय?”

भावानं मला बघितलं. मग किक मारली.

“दिसत नाय का?” तो म्हणाला. “बसा लवकर.”