शेजारणीची खापरपणजी

कतारमधल्या अल वक्र्याला आमच्या शेजारी अमेरिकेतल्या युटाहून आलेलं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं एक कुटुंब राहायचं. पहिल्याच दिवशी मी आलं घालून चहा नेला, तर बाईंनी हसून नको म्हटलं. त्यांच्या धर्मात चहा चालत नाही, हे नंतर कळलं. तरी दारात नेलेला चहा परत आणावा लागल्याचा राग काही गेला नाही.

खरं दुखणं वेगळंच होतं. माझी दहा वर्षांची लेक शाळेतून आली की दप्तर फेकून त्यांच्याकडे पळायची. मी मराठीत दहा वाक्यं बोलले की हिचं एक ‘ओके’, आणि तिकडे तासन्‌तास गप्पा. मी जळायचे, सरळ सांगते.

शाळेने एखाद्या पूर्वजाची गोष्ट लिहायला सांगितली, तर हिने लिहिली शेजारणीच्या खापरपणजीची! दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकन सरकारने मॉर्मनांवर फौज धाडली, तेव्हा त्यांनी घराघरांत गवत भरून ठेवलं. फौज घरं बळकावायला आलीच तर पेटवून द्यायची म्हणून. मग पोराबाळांना घेऊन सगळे गाव सोडून गेले. पेटवायची वेळ आली नाही. खापरपणजी परतली आणि तेच गवत तिने गाईला घातलं.

“मम्मी, शी वॉज सो ब्रेव्ह!”

माझा तिळपापड झाला. नवऱ्याला ऑफिसातून इंटरनेटवरची चार पानं छापून आणायला लावली. हवं ते सापडलं.

“ब्रेव्ह म्हणे! त्यांच्यात एकेकाला दोन-दोन, चार-चार बायका असायच्या. त्यापायी सरकारने तुरुंगात टाकलं त्यांना. जा, विचार तुझ्या आंटीला.”

गेली की ती खरंच! मी खिडकीपाशी उभी. वाटलं, आता खलास, उद्यापासून पोरगी घरात.

लेक परत आली ती सगळं सांगतच. बाईंनी काहीच लपवलं नव्हतं. खापरपणजी दुसरेपणाचीच होती. सरकारी माणसं धरायला आली, तेव्हा तिने नवऱ्याचा पत्ता दिला नाही. आपल्या सवतीचा आपल्याला किती मत्सर वाटतो, हेही तिने वहीत लिहून ठेवलं होतं. बाईंनी ते पान लेकीला वाचून दाखवलं.

“आपल्या फॅमिलीत होतं असं?” लेकीने चक्क मराठीत विचारलं.

“छे!” मी म्हटलं. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मीच खरं सांगितलं. माझी आजीही दुसरेपणाची. पहिलीला मूल होईना म्हणून आणलेली. दोघी एकाच चुलीपाशी राबल्या, आणि माझ्या आईला लहानाचं मोठं केलं ते पहिलीने. लेक ओट्याला टेकून ऐकत राहिली. शेजारी जायची वेळ टळून गेली, तरी हलली नाही. मी मनातल्या मनात आनंदाने फुगले.

“त्या पहिल्या आजीचं नाव काय होतं?”

मी लाटणं थांबवलं. आम्ही सगळे तिला ‘मोठी’च म्हणायचो. शेजारणीच्या खापरपणजीच्या सवतीचंसुद्धा नाव माझ्या लेकीला पाठ होतं.

नाशिकला आईला फोन लावला.

“मोठी म्हणजे मोठी,” आई म्हणाली. “तिला कोण नाव विचारणार?”