चौकातला फ्लेक्स

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, गंगापूर रोडला, एका तरुणाचं गेमिंग पार्लर आहे. गिऱ्हाईक नसलं की तो स्वतःच जुन्या काळातला एक गेम खेळत बसतो. त्यातल्या फरारी माणसाची चित्रं शहरभर भिंतींवर लावलेली असतात. ती फाडली की शिपाई त्याला ओळखेनासे होतात. ‘लढाई नंतर सर, आधी पोस्टर,’ तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणतो.

माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हा नगरसेवक व्हायला निघालेल्या एका साहेबांनी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. महिना उलटला तरी तो उतरेना. आईनं भाजीला जाणं सोडलं. मी विनंती केली, तर साहेब म्हणाले, ‘असू द्या ना सर, निवडणुकीपर्यंत.’

हे पार्लरवाल्याला कळलं. भर दुपारी, सगळ्यांदेखत, तो शिडीवर चढला. फ्लेक्सची चेहरा आत ठेवून घडी घातली आणि माझ्या हातात दिली. ‘काकूंना सांगा, रस्ता मोकळा आहे.’

चारेक दिवसांनी मी आईसाठी भाजी आणायला निघालो, तर तो पार्लरमधून धावत येऊन आडवा उभा राहिला. ‘सर, वर बघू नका.’

मी बघितलं. नवा फ्लेक्स होता, श्रद्धांजली तीच. साहेब पहिल्यापेक्षा मोठे झाले होते आणि छापणाऱ्यानं माझ्या भावाला खाली, शोकाकुल कार्यकर्त्यांच्या रांगेत बसवलं होतं.