परातीतलं पिवळं पाणी

दुपारी जेवून जरा डोळा लागला की मला हमखास ती परात दिसते. पितळेची, कडेला चेपलेली. तीत चुन्याचं पाणी आणि पाण्यात माझे दोन्ही हात. कुणीतरी हात चोळतंय, पाणी हळूहळू पिवळं होत चाललंय, आणि वरून आईचा आवाज येतो, "उतरली बघ. सगळी उतरली." मग जाग येते. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पंखा संथ फिरत असतो, शेजारच्या काकू गॅलरीत उभ्या राहून तेलुगूत कुणाला तरी हाका मारत असतात, आणि माझे हात कोरडे असतात.

हे सगळंच स्वप्न नव्हे. कॉलेजात असताना मी मोठ्या तोऱ्यात रक्तदान करायला गेले होते. काही दिवसांनी निरोप आला की तुमचं रक्त चालणार नाही, त्यात हिपॅटायटिस बी आहे. मग घरातल्यांच्या तपासण्या झाल्या. आईच्याही रक्तात तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जन्माच्या वेळीच आईकडून मुलीला गेलं असणार. आईनं त्यातला एकच शब्द धरला, कावीळ. तिनं मला गावाबाहेर कावीळ उतरवणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्यानं डोक्यावर कसल्याशा काड्यांची माळ ठेवली, परातीत हात धुतले, पाणी पिवळं झालं. येताना आईनं मला गाड्यावर उसाचा रस पाजला आणि स्वतः नुसती बघत बसली. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली असेल. स्वतःचीही उतरवून घ्यावी, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पुढे काही वर्षांनी तिच्या पोटात पाणी झालं. लिव्हर गेलं होतं. दवाखान्यात ती अर्धवट झोपेत असायची आणि मध्येच डोळे उघडून विचारायची, "माझ्याकडनंच गेलं का गं तुला?" मी म्हणायचे, "झोप आता." दुसरं काय म्हणणार? खोटं बोलायला जीभ वळायची नाही आणि खरं सांगायची छाती नव्हती. ती गेली, तिचा प्रश्न तेवढा माझ्यापाशी राहिला.

आता मी जे काम करते त्याचं सरकारी नाव एका दमात म्हणता येत नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर आईच्या रक्तातली ही कावीळ बाळाला जाऊ नये म्हणून धावायचं. गरोदर बाईची तपासणी करायची, तिच्या रक्तात निघालीच तर बाळ जन्मल्यावर बारा तासांच्या आत त्याच्या मांड्यांत दोन सुया टोचल्या जातील असं बघायचं. एक लस, ती सगळीकडे असते. दुसरं महागडं औषध, ते शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये असतं. एवढं वेळेवर झालं की बहुतेक बाळं सुटतात. मी स्वतः रोज एक गोळी घेते, ठणठणीत आहे आणि चांगली भांडते.

भांडावंच लागतं. कारण औषध सोलापुरात आणि पोरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी. या एका रिवाजानं माझे केस पिकवले. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी बॅग उचलते ती थेट कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत कुठंही जाते, आणि इथला पत्ता घेऊन आम्ही बसतो. म्हणून हल्ली माझा पहिला प्रश्न "राहता कुठं" हा नसतोच. मी विचारते, "माहेर कुठलं?" पोरी लाजतात, हसतात, गावाचं नाव सांगतात. मग त्या गावच्या आशाताईला फोन, तिथल्या आरोग्य केंद्राला फोन, आणि तारखेच्या आधी औषध तिकडे पोचवायची तजवीज. हे सगळं मला भेटलेल्या पोरींनीच शिकवलं, काही फार वाईट रीतीनं.

अशाच एका पोरीनं माहेर सांगितलं, "केम. गावातलं न्हाय, वस्तीवरचं. आमची मेंढरं हायत."

ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागे एका भाड्याच्या खोलीत राहायची. नवरा टॉवेलच्या मागावर. त्याच्या बाहीला, भुवयांना सुताची लव चिकटलेली असायची आणि तो मागाच्या आवाजाच्या सवयीनं दवाखान्यातही ओरडून बोलायचा. तिच्या रक्तात कावीळ निघाली हे मी दोघांना आत बसवून समजावलं. यात कुणाचा दोष नाही, डोळे पिवळे नसले तरी रक्तात असू शकते, दूध पाजायला काही हरकत नाही, सुया मात्र चुकवायच्या नाहीत. ती सगळ्याला मान हलवत होती. जाताना दारात थांबून म्हणाली, "ताई, माज्याकडनं त्याला जाईल का हो?"

 तोच प्रश्न, फक्त अजून वेळ हातात होता. मी म्हटलं, "जाऊ देणार नाही." असं म्हणायचं नसतं. आमच्या कामात कुणाला कसली हमी द्यायची नाही, हे मीच नव्या पोरींना शिकवते. पण निघून गेलं तोंडातून.

ती माहेरी गेली. काही आठवड्यांनी मी चौकशीला फोन केला तर तिच्या आईनं उचलला. आवाज खणखणीत. "कावीळ उतरली आता. माणूस लई गुणाचा हाय. हाताचं पानी असं पिवळं झालं, समद्या वस्तीनं बगितलं. तुमी आता काय काळजी करू नगा."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "अहो आई, तो काय करतो, हाताला कसला तरी पाला चोळतो, आणि चुन्यात रंग सुटतो. तुमच्या केमात हळदीत चुना घालून कुंकू करतात, ते काय मंतरून लाल होतं?"

"ते येगळं," ती म्हणाली. आणि फोन ठेवून दिला.

मी तिथंच बसून राहिले. बाहेर ऊन पांढरंफटक पडलं होतं, आणि मला उसाचा रस आठवत होता. त्या बाईवर रागवावं तर आईवरही रागवावं लागेल, आणि ते मला जमत नव्हतं.

पोरीच्या कळा तारखेच्या बऱ्याच आधी सुरू झाल्या. औषध अजून तालुक्याला पोचायचं होतं. सकाळी नवऱ्याचा फोन आला, मागे मागांचा खडखडाट. "ताई, पहाटं पोरगा झाला. समदं बेस हाय. पन सासूबाई सुई टोचू दीनात. म्हनत्यात, उतरलेली कावीळ परत अंगात घालतेत." शिफ्ट संपल्याशिवाय त्याला निघता येत नव्हतं. आमची गाडी दुसऱ्याच तालुक्यात गेलेली. मी फ्रीजमधून औषध घेतलं, बर्फाच्या पिशव्या लावलेल्या निळ्या डब्यात ठेवलं, आणि स्टेशन गाठून पॅसेंजर पकडली.

तो प्रवास मला नीट आठवत नाही, आणि तरी फार आठवतो. खिडकीची जागा मिळाली होती. डबा मांडीवर घेऊन त्यावर दोन्ही हात ठेवले होते. गाडी मोहोळ, माढा असं करत निवांत चालली होती, कुणी भेळ खात होतं, कुणी पाय पसरून झोपलं होतं. बाहेर उघडी रानं, लिंबाची झाडं, मध्येच उसाचा एखादा हिरवा तुकडा. डोळा लागला. परात दिसली. या वेळी हात माझे नव्हते, इवलेसे होते, मुठी वळलेले, आणि पाणी पिवळं व्हायचं थांबतच नव्हतं. मी दचकून उठले तर समोरच्या आजी माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "काय हाय डब्यात, एवढं धरून बसलीस?" मी म्हटलं, "औषध आहे. एका बाळाचं." त्यांनी आपली पिशवी उचलून डब्यावरचं ऊन अडवलं आणि कुर्डुवाडी येईपर्यंत तशीच धरून ठेवली. कुणाचं बाळ, कसलं औषध, काही विचारलं नाही.

केमला आशाताई स्कूटी घेऊन उभी होती. आरोग्य केंद्र शांत होतं. पोरगी आत खाटेवर पडली होती, गळ्यात ती काड्यांची माळ, चेहरा थकून उतरलेला. बाळ तिच्याजवळ नव्हतं. ते व्हरांड्यात आजीच्या मांडीवर होतं, जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेलं. सिस्टर हात टेकून दारात उभी होती. पोरीची आई उंच, काळीसावळी, पायात जाड वहाणा. मेंढरांमागं चालून चालून कमावलेलं अंग. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि लुगड्याचा पदर बाळावर आणखी ओढला.

"फोनवरल्या बाई तुमीच का?"

"व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडात कधी नव्हे ते व्हय आलं.

"पाचवी हूं द्या. मग टोचा काय टोचायचं ते."

"पाचवीपर्यंत उशीर होतो. सटवाईला सवड आहे, आपल्याला नाही."

ती हसली नाही. "उतरलेली हाय कावीळ. माज्या डोळ्यांनी बगितलं. तुमी ती परत घालायला आलाय."

भांडायला शब्द जिभेवर तयार होते. वाटेत जुळवून ठेवले होते. पण तिच्या हाताकडे लक्ष गेलं. बाळाच्या पाठीवर ती थोपटत होती, आणि मध्येच थांबून त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होती. ही अडाणीपणानं अडून बसलेली बाई नव्हे, ही घाबरलेली आई होती. मी डबा खाली ठेवला आणि तिच्या शेजारी बसले. आशाताईला, सिस्टरला आत जायला सांगितलं.

"माझीपण उतरवली होती," मी म्हणाले.

तिनं मान वळवली.

"माझ्या आईनं नेलं होतं. अशीच माळ. अशीच परात. पाणी पिवळं झालं, आई लई खूश झाली. मला रस पाजला." लाज वाटली, पण बोलणं थांबवता येईना. "माझ्या अंगात अजून आहे ती. आईच्याही होती. तिचं पोट फुगलं आणि ती गेली. तिच्याकडनं मला जन्मतानाच आली होती."

 अंगणात एक कुत्रं सावलीत झोपलं होतं, ते उठलं, दुसऱ्या सावलीत जाऊन झोपलं. मग तिनं विचारलं, "तवा तुमाला न्हाय टोचलं?"

"नाही."

"का?"

"कुणी आलंच नाही."

तिनं बाळाकडं पाहिलं, मग त्या निळ्या डब्याकडं, मग माझ्या चपलांकडं, ज्यांवर स्टेशनची धूळ होती. "तुमी सोलापूरवरनं याच्यासाटनं आलाय?"

"याच्यासाठीच."

"आनि लेकीच्या गळ्यातली माळ? ती काडायची का?"

"राहू द्या. ती आपलं काम करेल, सुई आपलं करेल."

तिनं बाळाभोवतीचं लुगडं सोडलं. बाळाची मांडी माझ्या अंगठ्याएवढी दिसत होती, निदान मला तरी तेव्हा तशीच दिसली. सिस्टर आली, एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत औषध. बाळानं असा टाहो फोडला की कुत्रंही उठून बसलं. आजी त्याला छातीशी धरून आत घेऊन गेली आणि पोरीच्या कुशीत दिलं. मी पायरीवर बसून रडले. आशाताईनं चहा आणला आणि माझ्याकडं न बघता शेजारी ठेवला.

पण त्या दिवशी काहीच संपलं नव्हतं. सुया वेळेवर पडल्या तरी एखादं बाळ निसटतंच, आणि ते कळायला वर्ष उलटावं लागतं. पोरगी सोलापूरला परतली, पुढचे डोस झाले, बाळ रांगायला लागलं. मी अधूनमधून त्याला बघायचे आणि मनातल्या मनात त्याच्या डोळ्यांचा पांढरेपणा तपासायचे, कळतं सगळं तरी. दिलेला शब्द डोक्याला ताप देत होता. दुपारी परात दिसायची, आणि कधी कधी तिच्यात ते इवलेसे हात असायचे.

वर्ष उलटल्यावर त्याचं रक्त घेतलं. रिपोर्टच्या दिवशी ती एकटीच आली, पोराला कडेवर घेऊन. त्यानं माझ्या टेबलावरचा शिक्का पळवला आणि चोखायला लागला. तिनं बसायच्या आधीच विचारलं, अगदी हळू, जणू मोठ्यानं विचारलं तर उत्तर बदलेल.

"माज्याकडनं गेलं का त्याला?"

"नाही गेलं," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारत होते. मला एकाएकी झोप आल्यासारखं वाटलं, सगळं लांब गेलं, दवाखान्यातली आईची खाट समोर आली, आणि मी पुन्हा म्हणाले, "नाही गेलं गं. झोप आता."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पोराच्या हातातला शिक्का सोडवून, पदराला पुसून तिनं टेबलावर ठेवला.

"कळलं की ताई," ती म्हणाली, आणि रिक्षा बघायला बाहेर गेली.