अर्जाला जोडलेली पुरवणी

बायको शाळेत शिक्षिका होती. ती निवृत्त झाली तसा शाळेचा सामूहिक विमा संपला, म्हणून दोघांचा आरोग्य विमा काढायचं ठरवलं. कोथरूडच्या आमच्या घरी अर्ज घेऊन आला तो तिचाच जुना विद्यार्थी. आता विमा एजंट, डोक्यावर टक्कल. तरी तिच्यासमोर खुर्चीच्या कडेवरच बसला.

आजारांच्या सगळ्या प्रश्नांपुढे त्याने 'नाही'वर खूण करायला सांगितलं.

"आणि जिना चढताना माझ्या छातीत दुखलं होतं, ते?"

"बाई, त्याला ॲसिडिटी म्हणतात."

"तू डॉक्टर कधी झालास? सहावीत विज्ञानात काठावर पास होतास."

"बाई, इथे जास्त लिहिलं की मार्क कापतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, लिहू ना?"

"लिही. खरं लिहायला भीती कसली?" जन्म ग्रंथालयात काढून मला एवढंच सुचलं.

अर्जातली जागा पुरेना. तिने फुलस्केप कागद घेतला, समास आखला, कधी, कुठे, किती वेळ दुखलं ते सगळं लिहिलं आणि परीक्षेत पुरवणी बांधतात तसा तो दोऱ्याने अर्जाला बांधला.

नकार तीन ओळींत आला. दुसऱ्या कंपनीच्या अर्जात विचारलं होतं, पूर्वी कुणी तुमचा अर्ज नाकारला आहे का? आम्ही 'हो' लिहिलं. त्यांनीही नाकारला. तिसरीकडे अर्ज केला आणि वाट पाहत बसलो.

त्याच आठवड्यात पुन्हा दुखलं. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी लिहून दिली. तिने चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"आधी पॉलिसी होऊ दे. तपासणीत काही निघालं तर तेही कळवावं लागेल. माहीतच नसेल तर लपवलं असं कोण म्हणेल?"

खोटं बोलणं तिला जमणारं नव्हतं. म्हणून तिने माहीत करून न घेण्याची वाट काढली. मला ती हुशारी वाटली. मी हसलो, चहा टाकला.

ती गेली ते पुढच्या महिन्यात, सकाळी कुंड्यांना पाणी घालताना. रुग्णालयापर्यंत पोचलोही नाही.

एजंट भेटायला आला. पुन्हा खुर्चीच्या कडेवर. "बाईंनी माझं ऐकायला हवं होतं," म्हणाला. तिने माझं ऐकलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

दहावं झाल्यावर तिसऱ्या कंपनीचं पत्र आलं. त्यात नकार नव्हता. अर्जदाराने हृदयाची तपासणी करून घ्यावी, असं लिहिलं होतं. खर्च कंपनी करणार होती. मी पर्समधली चिठ्ठी काढून पत्राशेजारी ठेवली. तीच तपासणी होती.