आत्तीच्या आवाजाची साफसफाई

"आवाज साफ करून देतो" असं कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मुलगा म्हणतो, आई, एका गोष्टीचा किती दिवस राग धरशील? मी म्हणते, मरेपर्यंत. काय म्हणणं आहे तुझं?

पहिल्यापासून सांगते. म्हणजे मला भांडकुदळ म्हणणाऱ्यांनाही कळेल, भांडण कशाचं होतं ते.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडं आत्याला आत्तीच म्हणतात. जयसिंगपूरच्या पलीकडं आमचं गाव. नवरा लवकर गेला, म्हणून ती माहेरीच राहिली आणि तिथल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिनं उभा जन्म काढला. लिहिण्या-वाचण्याच्या नावानं बेताचंच, पण चौदा एप्रिलच्या जयंतीला विहारात म्हणायचा पाळणा तिनं स्वतः रचलेला. दरवर्षी त्यात एखादं कडवं वाढायचं. "माळावरची वाट कुणी केली गं, पाटी माझ्या हाती कुणी दिली गं," अशी त्याची सुरुवात. साधीच ओळ. पण आत्तीनं ती उचलली की विहारातल्या बायांचे हात आपोआप टाळीला यायचे.

हा पाळणा एकटीनं म्हणायचा नसतोच. आत्ती ओळ टाकणार आणि ती ओळ संपायच्या आत तिचं शेपूट माझी आई उचलणार, "कुणी दिली गं, कुणी दिली." याला आमच्यात मागं धरणं म्हणतात. पुढची दम घेते तेवढ्यात मागची ओढून नेते. नणंद-भावजयींचं चुलीवरून कितीही वाजलेलं असू दे, आणि वाजायचं, चांगलं दणकून वाजायचं, पण जयंतीच्या सकाळी आई मागं धरायला हजर. आईचा आवाज म्हणाल तर तवा घासल्यासारखा. पण आत्तीला मागं दुसरी कुणी चालायची नाही.

तर आत्तीच्या गळ्यात गाठ निघाली. कोल्हापूरला माझ्या घरी आणून दाखवली, सोबत आईही आली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल, जिवाला धोका नाही, पण आवाज आहे तसा राहील याची खात्री देत नाही. आत्ती म्हणाली, "ऱ्हाईल न्हाईतर जाईल. म्हशी राखायला आवाज लागत न्हाई." मला मात्र ते ऐकवलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, रडत बसण्यापेक्षा काहीतरी करावं हा माझा स्वभाव. आवाज जायच्या आत तो नीट धरून ठेवायचा, एवढं मी ठरवलं.

मोबाईलवर रेकॉर्ड करून बघितलं. पंखा ऐकू येतोय, कुकर ऐकू येतोय, भाजीवाल्याच्या गाड्यावरचा भोंगा तर अगदी सुरेख ऐकू येतोय, आणि आत्ती कुठंतरी लांब विहिरीत. मग राजारामपुरीतल्या एका क्लासला नाव घातलं. घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करा, मिक्स करा, मास्टर करा. जिना चढून गेले तर सगळी पोरं, गणपतीच्या मंडळांसाठी गाणी बनवायला शिकणारी. माझ्याकडं बघून त्यांना वाटलं, कुणाची तरी आई फी भरायला आलीय.

तिथले सर शिकवायचे बरे, खोटं कशाला बोलू. आवाज कॉम्प्युटरमध्ये कसा घ्यायचा, त्यातली घरघर कशी कमी करायची, दोन आवाज एकमेकांच्या अंगावर पडू नयेत म्हणून कुणाला किती जागा द्यायची, हे सगळं मी तिथंच शिकले. फुकटातलं सॉफ्टवेअर घेतलं, माईक घेतले, आणि खोलीत आवाज घुमू नये म्हणून दाराला आईच्या हातची वाकळ, म्हणजे गोधडी, टांगली. वाकळीसारखा आवाज कुणीच पीत नाही हे मला तेव्हा कळलं. क्लासमधली पोरं त्यासाठी महागातला फोम मागवत होती. म्हटलं, मागवा बापड्यांनो.

सरांचा एक नियम होता. एका वेळी एकच आवाज. बाकी सगळे खोलीबाहेर. गाणाऱ्यानं कानाला हेडफोन लावून एकट्यानं गायचं, दुसरा आवाज नंतर घ्यायचा, मग कॉम्प्युटरवर जोडायचं. मी आज्ञाधारक विद्यार्थिनी. आईला स्वयंपाकघरात कोंडलं, पंखा बंद केला, आत्तीच्या कानाला हेडफोन लावले.

आत्तीनं ओळ टाकली. झकास. आणि थांबली.

मी हातानं खुणावलं, पुढं म्हण. ती माझ्याकडं बघत बसली. परत सुरुवात केली, परत ओळ टाकून थांबली. मी म्हटलं, "आत्ती, थांबू नको की."

"मी कुठं थांबलोय? तिची वळ हाय न्हवं आता."

"तिची नंतर घेऊ. मी जोडते बरोबर."

"नंतर?" आत्तीनं हेडफोन उपसून गादीवर टाकले. "भिताडासंगं कोन गातंय व्हय? आन ही घमेली कानाला कशाला? तिचं मला ऐकू आलं न्हाई तर मी पुढं जाऊ कशी? खुळी का काय तू!"

मी समजावलं, चिडले, परत समजावलं. काही उपयोग झाला नाही. तिला ते जमत नव्हतं असं नाही. तिच्या लेखी ते गाणंच नव्हतं. शेवटी सरांचा नियम बाजूला ठेवला आणि आईला बोलावलं. ती आली तीच म्हणत, "माझ्याबिगर अडलं न्हवं?" दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. दोघींपुढं एकेक माईक ठेवला. हिचा आवाज तिच्या माईकमध्ये सांडणार, तिचा हिच्या, हे मला ठाऊक होतं. सांडू दे म्हटलं.

काय म्हटलं हो त्या दोघींनी त्या दुपारी! शेवटच्या कडव्यात आत्तीचा आवाज वरच्या जागी फाटला, आणि तो फाटायच्या आधीच आईनं खालून ओळ उचलली होती. आईला कसं कळलं देव जाणे. तो देवही आम्ही मानत नाही. त्या जागेला माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि मी नाकसुद्धा ओढलं नाही, माईक चालू होते म्हणून.

मग मी मिक्सिंग करत बसले. शाळेतून आलं की तेच. आईच्या आवाजातली खरखर कमी करून बघितली, तर आई नाहीशी व्हायला लागली. परत होती तशी ठेवली. मास्टरिंग म्हणजे गाणं मोबाईलवर, गाडीत, मोठ्या स्पीकरच्या बॉक्सवर, कुठंही लावलं तरी नीट वाजावं म्हणून शेवटचा हात फिरवायचा. तो क्लासचा शेवटचा धडा होता. ज्यानं त्यानं आपलं गाणं, प्रत्येक माईकचा ट्रॅक वेगळा ठेवून, सरांना द्यायचं आणि सर सगळ्यांसमोर करून दाखवणार. मीही दिलं. त्याच आठवड्यात आत्तीचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, माणूस वाचलं. आवाज गेला. राहिली ती नुसती हवा, कान तोंडाशी नेला तर कळेल एवढी.

त्या धावपळीत क्लास बुडला. परत गेले तेव्हा सर अगदी खुशीत. "मॅडम, तुमच्यासाठी सरप्राइज हाय. बसा."

त्यांनी मोठ्या स्पीकरवर आधी "आधीचं" लावलं. माझं. आत्ती आणि आई. पोरं हसायला लागली. आईची ओळ आली तेव्हा तर एकानं तिची नक्कल केली. सर म्हणाले, थांबा, आता "नंतरचं" ऐका.

नंतरचं! आत्तीचा प्रत्येक सूर पट्टीनं आखून सरळ केलेला. वयातली थरथर काढलेली. फाटलेली जागा इस्त्री मारावी तशी गुळगुळीत. मागं तबला, आणि आईची ओळ जिथं यायची तिथं बासरी. आईचा ट्रॅक बंद केलेला, आणि आत्तीच्या माईकमध्ये सांडलेली आईसुद्धा सॉफ्टवेअर लावून पुसून घेतलेली. पोरं वाहवा करत म्हणाली, "इषय हार्ड!"

मी उभी राहिले. "कुणाला विचारून केलं?"

"अहो मॅडम, ऐकवत नव्हतं ते. पुढची बाई एक वेळ ठीक. मागची तर सुरातच न्हाई. म्हटलं, शुद्ध करून देऊ."

"ती मागची बाई माझी आई आहे."

"सॉरी, सॉरी. पण लोकांना असंच लागतंय, मॅडम. चॅनेलवर टाकलंय मी, आधी आणि नंतर. कमेंटा बघा की किती चांगल्या आल्यात."

शुद्ध! हा शब्द आमच्या घरात कुणी सहज वापरत नाही. तो ज्यांच्याविरुद्ध वापरला गेला त्यांच्यातले आम्ही. आजोबांना ज्या पाण्याला हात लावू दिला नाही, तेही म्हणे शुद्धच होतं. त्या माणसाच्या मनात तसलं काही नव्हतं, मला माहीत आहे. चांगलं करायला गेला होता तो बिचारा. पण याचाच तर संताप येतो! मनात काही नसताना हात बरोबर तिथंच जातो, काय काढून टाकायचं हे कुणी न शिकवता कळतं. मी त्या दिवशी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शाळेत एवढी वर्षं काढली, तेवढ्यात साठलेलं सगळं बोलले. सरांनी माझ्यासमोर चॅनेलवरून ते काढलं आणि वर म्हणाले, "चांगलं करायला जावं तर हे असं." मी जिना उतरले ती परत चढले नाही.

मास्टरिंग घरीच शिकले, चुकत-माकत. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं मनाशी बांधलं होतं. तिच्या आवाजावर पोरं हसली, हे तिला कशाला सांगायचं? आत्तीला ऐकवायला गेले, तर तिनं हातानं नको म्हटलं. माझा कान जवळ ओढला आणि म्हणाली, "जयंतीला. विहारात. समद्यांसंगं बसून." आपला आवाज आपल्याला शेवटचा ऐकायचा तर तो तिथंच, असं तिचं होतं. ठीक आहे म्हटलं.

जयंतीला सकाळीच गावात पोचलो. मी गाणं पेन ड्राइव्हमध्ये घेऊन गेले होते. विहारात बाया बसलेल्या, आत्ती पुढं भिंतीला टेकून, शेजारी आई. बॉक्सजवळ माझा चुलतभाऊ, कमिटीत असतो तो. मी पर्समध्ये हात घालतेय तोवर तो म्हणाला, "असू दे ताई, आमच्याकडं हाय की. कवाच ग्रुपवर आलंय. एकदम स्टुडिओवाणी!" मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं लावलंसुद्धा.

चॅनेलवरून काढलेलं गाणं मोबाईलमधून कोण काढणार? गावभर फिरून बसलं होतं ते. तबला सुरू झाला, आणि इस्त्री मारलेला तो गळा विहारभर पसरला. बाया खूश. टाळ्या सुरू. मी माणसांच्या मधून वाट काढत बॉक्सकडं निघाले होते, पण माझं लक्ष आत्तीकडं. ती मान कलती करून ऐकत होती. मग तिनं आईचा पदर ओढला आणि काहीतरी विचारलं. मी तेव्हा त्यांच्या पुढ्यातच पोचले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"कोन पोरगी गं ही? पाळणा तर आपलाच म्हंतीया."

आई म्हणाली, "वन्सं, तुमीच की ओ."

आत्ती ऐकत राहिली. ओळ संपली. तिथं बासरी वाजली. पुढची ओळ संपली, परत बासरी. आत्तीनं आईकडं बघितलं, मग बॉक्सकडं, मग परत आईकडं.

"ही मी? मग तू कुठं हाईस ह्यात?"

आईनंच उत्तर दिलं. म्हणजे तिला कधीपासून ठाऊक होतं कुणास ठाऊक. ग्रुप तिच्याही मोबाईलवर होताच.

"मला काढलंय, वन्सं," आई म्हणाली. "साफ करताना."